राजी नसलेल्यांचा राजीनामा

'राजीनामा' हा शब्द फारसीतून आला. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. मुंबई इलाख्याच्या महसुली दफ्तरात जमिनीवरचा हक्क सोडणारी रयत राजीनामा लिहून देई आणि तीच जमीन नव्याने घेणारा कबुलायत. शब्दाचा सगळा जीव 'राजी'त आहे, आणि आजच्या नोकरकपातीत जो राजीनामा घेतला जातो त्यात नेमके तेवढेच नसते. एचआरकडून अचानक बोलावणे येते, वीस मिनिटांची बैठक होते, समोर दोन कागद येतात. एकावर राजीनाम्याचा तयार मजकूर, दुसरा 'सेपरेशन ॲग्रीमेंट', म्हणजे नोकरी सोडण्याचा करार. आज सही केलीत तर तीन महिन्यांचा पगार, नाहीतर उद्या टर्मिनेशन, आणि मग पुढच्या कंपनीच्या पडताळणीला आम्ही काय उत्तर देऊ ते तुम्हीच ओळखा. बैठक संपेपर्यंत लॅपटॉपचे लॉगिन बंद झालेले असते.

सही करावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. घरी हप्ते चालू असलेल्या माणसाने केली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. सार्वजनिक प्रश्न वेगळा आहे. माणूस काढून टाकायचा तर कायद्याने त्याला काही किंमत लावली आहे. ती चुकवण्यासाठी काढून टाकण्यालाच राजीनामा म्हणायचे, ही पद्धत आपण सर्रास चालू दिली आहे. मालकाच्या पुढाकाराने, कर्मचाऱ्याच्या वर्तनाशी संबंध नसलेल्या कारणासाठी घेतलेला राजीनामा कायद्याने कपातच मानला पाहिजे, आणि विचाराला ठरलेली मुदत दिल्याखेरीज नोकरी सोडण्याचा कोणताही करार बंधनकारक होता कामा नये, असे माझे मत आहे.

आधी ही किंमत किती ते पाहू. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात कपातीच्या भरपाईचे प्रकरण १९५३ मध्ये घातले गेले. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला काढायचे तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटचे वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरले असेल तर ते पूर्ण धरायचे. वर्षभर म्हणजे पंचांगातले वर्ष नव्हे, आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम. शिवाय शेवटी आलेला आधी जाईल, आणि पुन्हा भरती करताना काढलेल्याला आधी विचारले जाईल. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये आणि पुढे १९९० मध्ये घटनापीठाकडून स्पष्ट केले की शिस्तभंगाची शिक्षा आणि कायद्यातच नोंदलेले अपवाद सोडले, तर मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली की ती कपातच. भरपाई काढतानाच हातात पडली पाहिजे. 'नंतर फुल अँड फायनलमध्ये', म्हणजे शेवटच्या हिशेबात, 'बघू' म्हटले की कपातच बेकायदा ठरू शकते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत हीच चौकट कलम ७० मध्ये आली आहे. भर म्हणून पुनर्कौशल्य निधी आला: काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. दुसरीकडे, कारखाना, खाण किंवा मळ्यात कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली.

या साऱ्या दाराला एक छोटी फट आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणे कपातीत मोडत नाही. बस्स. भरपाईवर पाणी सोडणारे कलम करारात लिहिण्याची कंपनीला गरजच पडत नाही. ते कलम न्यायालयात उडण्याचा धोका असतो. राजीनाम्याची एक ओळ लिहून घेतली की भरपाईचा हक्क जन्मालाच येत नाही. म्हणून त्या दोन कागदांपैकी दहा पानी करारापेक्षा अर्ध्या पानाचा राजीनामा जास्त महाग असतो, आणि बहुतेक जण करार वाचत बसतात, राजीनाम्यावर मात्र न वाचता सही करतात.

आता आकडे मांडू. समजा महिन्याचा एकूण पगार ८०,००० रुपये, त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २४,०००, नोकरी ७ वर्षे ८ महिने. हिशेबाला ८ वर्षे. ग्रॅच्युइटीचे सूत्र मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षे. जुन्या पद्धतीने ती १,१०,७६९ रुपये येते. नव्या संहितांत 'वेतना'ची व्याख्या बदलली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. म्हणजे हिशेबाचा पगार ४०,००० आणि ग्रॅच्युइटी १,८४,६१५. ही वाढ वर्तमानपत्रांनी भरपूर छापली. तिची दुसरी बाजू क्वचितच छापून आली. कपातीच्या भरपाईसाठी जुन्या कायद्यातले वेतन बहुतेक भत्ते धरून मोजले जाई. ८०,००० धरले तर पंधरा दिवसांचे ४०,००० आणि आठ वर्षांचे ३,२०,०००. नव्या व्याख्येत घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते निम्म्याच्या मर्यादेपर्यंत बाहेर राहतात. त्याच माणसाची भरपाई १,६०,००० वर येते. पुनर्कौशल्य निधीचे आणखी वीस हजार धरले तरी फरक भरून निघत नाही. एका खिशात टाकले ते दुसऱ्यातून काढले, आणि काढले ते नेमके नोकरी जाण्याच्या वेळचे.

या आकड्यांशेजारी कंपनीचा देकार ठेवला की त्याचे खरे वजन कळते. 'तुम्हाला सहा लाखांचे पॅकेज' असे सांगितले जाते तेव्हा त्या सहा लाखांत नोटीस पिरियडचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, कधीकधी चालू महिन्याचा पगारसुद्धा मिसळलेला असतो. हे सगळे सही न करताही मिळणारच असते. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षे झालेल्याला राजीनाम्यानंतरही द्यावी लागते, तीस दिवसांत, अर्ज केला नसला तरी, आणि उशीर झाला तर व्याजासह. कोणत्याही कराराने ती बुडवता येत नाही. मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासारख्या मोजक्या कारणांनी बडतर्फी झाली असेल तरच ती जप्त होऊ शकते. चालू पगाराबद्दल वेतन संहितेचे कलम १७ म्हणते की काढले, कपात केली किंवा राजीनामा दिला, तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. आणि ही संहिता व्यवस्थापकांनाही लागू आहे. 'फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात, आमची पॉलिसीच आहे' या वाक्याला पगारापुरता आता आधार नाही.

म्हणून पहिले काम कागद-पेन्सिलीचे. कायद्याने देय असलेली प्रत्येक रक्कम एका बाजूला लिहायची, एकूण देकारातून ती वजा करायची. उरते ती तुमच्या सहीची खरी किंमत. सहा लाखांतून १,८४,६१५ ग्रॅच्युइटी, दोन महिन्यांच्या नोटिशीचे १,६०,००० आणि रजेचे समजा ४०,००० गेले की उरतात २,१५,३८५. हा माणूस कायद्याने 'कामगार' असेल, तर राजीनामा न देता त्याला १,६०,००० भरपाई आणि २०,००० निधी मिळालाच असता. म्हणजे त्याच्या सगळ्या हक्कांची खरेदी झाली पस्तीस हजारांत. कंपनीचा देकार दर वेळी असाच तुटपुंजा असतो असे मुळीच नाही. दोन वर्षांच्या नोकरीवर कायद्याची भरपाई महिन्याभराच्या पगाराचीही होत नाही. तिथे तीन महिन्यांचा रोख देकार चांगलाच आहे. नोकरी जितकी जुनी तितका राजीनामा महाग पडतो, आणि कंपन्या मात्र महिन्यांचा एकच आकडा सरसकट सगळ्यांना देतात. यातच गोम आहे.

'कामगार' कोण, हा पुढचा तिढा. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८,००० हून जास्त घेणारा, तसेच व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा, संहितेच्या व्याख्येबाहेर आहे. पण तांत्रिक, कुशल, कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. व्हिजिटिंग कार्डवर 'मॅनेजर' लिहिले म्हणून कुणी व्यवस्थापक होत नाही. न्यायालये प्रत्यक्ष कामाचे मुख्य स्वरूप पाहतात. हाताखाली माणसे नाहीत, रजा मंजूर करता येत नाही, दिवसभर कोड लिहितो किंवा यंत्राची चाचणी घेतो, असा लाखभर पगाराचा 'असोसिएट मॅनेजर'ही कामगार ठरू शकतो. हे माहीत नसल्याने हजारो जण 'आपल्याला कामगार कायदा लागू नाही' असे गृहीत धरून सही करतात. खऱ्या व्यवस्थापकाची स्थिती मात्र बिकट आहे. त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो, वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पुढे चालवत नाही, आणि मिळणारी भरपाई बहुधा नोटीस पिरियडच्या पगारापुरती असते. पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला कायद्याने किमान भरपाईचा एक रुपयाही नाही, कारण तो आठ जणांच्या रजा मंजूर करतो! या भेदाला १९४७ मध्ये कारण होते, तेव्हा व्यवस्थापक म्हणजे मालकाचा माणूस. आज कपातीच्या यादीत पहिली नावे मधल्या फळीतल्याच लोकांची असतात.

राजीनाम्याचे आणखी काही छुपे खर्च आहेत. प्राप्तिकरात कामगाराची कपातीची भरपाई कायद्याच्या सूत्राइतकी आणि कमाल ५ लाखांपर्यंत करमुक्त आहे. तीच रक्कम राजीनाम्यानंतर 'एक्स-ग्रेशिया', म्हणजे कंपनीने मर्जीने दिलेली, म्हणून आली की पगार समजून कर कापला जातो. १,६०,००० वर वीस टक्क्यांच्या टप्प्यात ३२,००० गेले, वर उपकर. स्वेच्छानिवृत्तीलाही ५ लाखांची सवलत आहे, पण ती नियमांत बसणाऱ्या योजनेलाच: दहा वर्षे नोकरी किंवा चाळिशी पूर्ण, रिकामी जागा पुन्हा न भरणे, रकमेला सूत्राची मर्यादा. एचआरने घाईत बनवलेल्या पत्राला ही सवलत मिळत नाही. ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत आणि बिगरसरकारी कर्मचाऱ्याच्या शिल्लक रजेच्या पैशांना २५ लाखांपर्यंत सवलत आहे, तेव्हा करारात प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत, वेगळ्या नावाने हवी. सगळे एका आकड्यात कोंबले की सगळ्यावर कर. भविष्य निर्वाह निधीचे तसेच. पाच वर्षांच्या आत काढलेला निधी करपात्र होतो. मालकाचा धंदा आकसला किंवा बंद पडला, अथवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली, तर अपवाद आहे. राजीनामा देणारा तो अपवाद मागणार कोणत्या तोंडाने? कर्जाबरोबर विकला जाणारा 'नोकरी गेल्यास हप्ते भरू' असा विमाही राजीनाम्याला लागू होत नाही. दावा फेटाळला गेल्यावर लोक पॉलिसीचे बारीक अक्षर वाचतात.

कराराच्या मजकुरात काय पाहायचे, यावर थोडे रेंगाळायला हवे. सर्वांत लांब परिच्छेद असतो तो 'ज्ञात आणि अज्ञात सर्व दाव्यांतून मुक्तता' देणारा. त्याला निदान ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, देय वेतन, लैंगिक छळाची किंवा अपघाताची प्रलंबित तक्रार यांचा अपवाद लिहून घ्यावा. न्यायालयात जाण्याचा हक्क पूर्णपणे बंद करणारे कलम भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २८ खाली निरर्थक आहे; झालेल्या वादाची पैसे घेऊन तडजोड करणे मात्र वैध आहे, आणि कंपनी आपल्या कराराला तडजोडच म्हणणार. प्रतिस्पर्ध्याकडे वर्षभर नोकरी न करण्याची अट कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतर टिकत नाही. गुपिते न फोडण्याची अट टिकते. पण अट निरर्थक आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण खरा खिळा तिच्याशेजारी ठोकलेला असतो: पैसे सहा हप्त्यांत, आणि अट मोडल्यास उरलेले हप्ते बंद, दिलेले परत. अट न्यायालयात उडेल हे खरे, तरी पैसे त्यांच्याकडे असले की न्यायालयाची पायरी तुम्हाला चढावी लागते. म्हणून एकरकमी मागावे, तारीख लिहून घ्यावी आणि तारीख चुकल्यास व्याजाचा दरही. 'अंतर्गत प्रक्रियेनंतर' ही तारीख नव्हे.

बदनामी न करण्याची अट दोन्ही बाजूंना हवी. पार्श्वभूमी पडताळणीला कंपनी काय उत्तर देईल, ते वाक्यच जोडपत्रात घालून घ्यावे: पद, कालावधी, पुनर्रचनेमुळे सेवा समाप्त. अनुभव प्रमाणपत्र आणि रिलिव्हिंग लेटर सहीच्या दिवशीच हातात हवे, कारण तेच नंतर ओलीस धरले जाते. जॉइनिंग बोनस, प्रशिक्षणाचा बाँड, कंपनीने केलेला स्थलांतराचा खर्च यांची वसुली 'लागू असल्यास' या दोन शब्दांत लपलेली असते. वसुली शून्य, असे स्पष्ट लिहून घ्यावे. नोटीस पिरियडच्या वसुलीवर जीएसटी लावून कापण्याची खोड काही कंपन्यांना होती. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने तो लागत नाही हे स्पष्ट केले आहे.

शेवटच्या दिवसाची तारीख हा घासाघीस करण्याचा सर्वांत स्वस्त मुद्दा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. कंपनीला एक-दोन महिने कागदावर ठेवणे फार जड जात नाही. कर्मचाऱ्याला मात्र त्यात पाच वर्षांची ग्रॅच्युइटी, शेअर पर्यायांचा (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काचा) पुढचा टप्पा, वार्षिक बोनस आणि कुटुंबाचा आरोग्य विमा मिळू शकतो. चार वर्षे आठ-नऊ महिने झालेल्याने पाचव्या वर्षातल्या २४० दिवसांवर भिस्त ठेवू नये. मद्रास उच्च न्यायालयाने ते पुरेसे मानले आहेत, पण तो वाद अंगावर घेण्यापेक्षा घरी बसून नोकरीत राहण्याची मुदत वाढवून मागणे सोपे. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला आता वर्षभरानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी लागू आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. शेअर पर्याय मिळालेले असतील तर नोकरी सुटल्यावर ते वापरण्याची मुदत पाहावी. ती बहुधा नव्वद दिवसांची असते, आणि न विकता येणाऱ्या शेअरवरही वापरतेवेळी कर भरावा लागतो. गट आरोग्य विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, पण चौकशी शेवटच्या दिवसाआधी करायची असते. घरात मधुमेही आई-वडील असतील तर हा मुद्दा एका महिन्याच्या पगारापेक्षा मोठा आहे.

बैठकीच्या दिवशी करायचे काम थोडके आहे. कागद ई-मेलवर मागवा, वाचायला दिवस मागा, सही करू नका. त्याच संध्याकाळी स्वतःच्या ई-मेलवरून एचआरला चार ओळी लिहा: आज अमुक वाजता बैठक झाली, राजीनामा देण्यास सांगितले गेले, न दिल्यास काय होईल ते असे सांगितले, मी विचारासाठी वेळ मागितला. पुढे प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे वा न्यायाधिकरणापुढे गेले तर राजीनामा जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असते, आणि त्याच दिवशीच्या चार ओळी तीन महिन्यांनंतरच्या चार पानांपेक्षा जड भरतात. पैसे घेऊन, प्रमाणपत्र घेऊन, मग जबरदस्ती झाली म्हणणे फार कमजोर पडते. नियुक्तिपत्र, वर्षभराच्या पगारपावत्या, मूल्यांकनाची पत्रे, शेअर पर्यायांची पत्रे आधीच स्वतःजवळ असू द्या. कंपनीची कामाची कागदपत्रे मात्र घरच्या ई-मेलवर पाठवू नका; त्यातून गैरवर्तनाचा आरोप तयार मिळतो आणि मग भरपाईच काय, काहींची ग्रॅच्युइटीही अडकवून ठेवली जाते. राजीनामा दिलाच असेल आणि तो पुढच्या तारखेचा असेल, तर त्या तारखेआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सरकारी सेवेपुरते सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले. २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्वीकृती अंतिम होण्यापूर्वी मागे घेतलेला राजीनामा न्यायालयाने मान्य केला. खासगी कंपन्यांच्या तयार मजकुरात 'तत्काळ प्रभावाने' हे शब्द आणि त्याच तासाला स्वीकृतीचा ई-मेल का असतो, ते यातून उमगेल. कपातीविरुद्ध दाद मागायला संहितेने दोन वर्षे दिली आहेत. जुन्या कायद्यात तीन होती.

एवढे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग लोकांना हे शिकवा, कायदा कशाला बदलायचा? पण विसाव्या मिनिटाला सही मागितली जाते तेव्हा शहाणपण कामाला येत नाही. म्हणून इतर देशांनी वेळच कायद्यात लिहून ठेवला आहे. अमेरिका कर्मचाऱ्याला काढण्याच्या बाबतीत फार सैल मानली जाते, तरी १९९० च्या कायद्याने चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडवून घ्यायचा तर त्याला विचारासाठी २१ दिवस, सामूहिक कपात असेल तर ४५ दिवस, आणि सहीनंतरही ती मागे घेण्यासाठी ७ दिवस द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय असा करार कर्मचाऱ्याचे वैधानिक हक्क संपवूच शकत नाही, आणि तिथल्या संहितेत विचारासाठी किमान दहा दिवस सांगितले आहेत. युरोपीय संघाचा १९९८ चा निर्देश तर आपल्या दुखण्यावर नेमके बोट ठेवतो: सामूहिक कपातीची संख्या मोजताना, निदान पाच जण थेट काढले गेले असतील, तर मालकाच्या पुढाकाराने झालेल्या इतर सेवासमाप्तीही त्यात धरायच्या. कागदावर काय लिहिले याला तिथे महत्त्व नाही, पुढाकार कुणाचा याला आहे.

उद्योगांची बाजू पोकळ नाही. कपातीचा शिक्का नको म्हणून अनेक कर्मचारीच राजीनामा पसंत करतात. न्यायालयात वर्षानुवर्षे अडकण्यापेक्षा आज हातात पडणारे पैसे बरे, हा हिशेब दोन्ही बाजूंना पटतो. काढणे अवघड केले तर घेणे अवघड होते, या म्हणण्यातही तथ्य आहे. पण विचाराला पंधरा दिवस दिल्याने काढणे अवघड होत नाही. ज्या कराराला पंधरा दिवस आणि एका वकिलाची नजर सोसत नाही, तो तडजोड म्हणून मिरवण्याच्या लायकीचा नाही. शिक्क्याची भीती खरी असेल, तर 'पुनर्रचनेमुळे सेवा समाप्त' एवढेच प्रमाणपत्रावर लिहिण्याची सक्ती करता येईल. आणि खुद्द सरकारने आपल्या कंपन्यांत माणसे कमी केली तेव्हा स्वेच्छेला वेळ आणि दर दोन्ही दिले. स्वेच्छानिवृत्तीच्या गुजरात नमुन्याच्या योजनेत झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि निवृत्तीला उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार धरतात. २०१९ मध्ये बीएसएनएलने हेच सूत्र वापरले, अर्जासाठी महिनाभर मुदत दिली आणि पाऊण लाखाहून अधिक लोकांनी अर्ज केले. त्यातही दबाव होता, पगार थकत होते, हे विसरून चालणार नाही. तरी आकडा सगळ्यांना आधी ठाऊक होता आणि घरी जाऊन बोलायला वेळ होता.

तेव्हा मागण्या तीनच. एका महिन्यात ठरावीक संख्येहून अधिक राजीनामे मालकाने लिहून घेतले असतील तर ते कपात धरावेत. पंधरा दिवसांची विचाराची आणि सात दिवसांची माघारीची मुदत प्रत्येक सेपरेशन करारात सक्तीची असावी, पद कोणतेही असो. आणि व्यवस्थापकांसह सर्व पगारदारांना किमान भरपाई लागू व्हावी. या तिन्हींना कायद्यात दुरुस्ती लागेल, संसदेत वेळ जाईल. भरपाईच्या दराची मात्र गोष्ट निराळी आहे. वर्षाला पंधरा दिवस हा दर १९५३ चा, आणि व्याख्या आकसल्यामुळे आज तो प्रत्यक्षात आणखी उतरला आहे. कलम ७० मध्ये पंधरा दिवसांच्या पुढेच 'किंवा संबंधित सरकार अधिसूचित करील तितक्या दिवसांचा' अशी तरतूद आहे. खासगी आस्थापनांपैकी बहुतेकांसाठी हे संबंधित सरकार म्हणजे राज्य सरकार. मुंबईतल्या मंत्रालयाने पंधराचे तीस करायचे ठरवले, तर त्याला विधेयक लागत नाही, राजपत्रातली एक अधिसूचना लागते.